ओल्या सरकीचा आवाज

त्या सकाळी कपाळ पुसायची दस्ती माझ्या खिशातच होती. मी ती विसरलो नव्हतो. बाहेर काढली नाही. माझा अपराध एवढाच, आणि तेवढ्याने एका माणसाचे काम गेले.

परभणीबाहेरच्या एका जिनिंगमध्ये मी आणि भानुदासराव कापूस पारखायचो. हिवाळ्यात उजाडताना कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागलेल्या असत, दवाचा, मातीचा आणि सरकीच्या तेलकटपणाचा एक जड गंध आवारावर तरंगत असे, आणि कोवळे ऊन त्या पांढऱ्या ढिगांवर इतक्या हलक्या पावलांनी उतरे की आपल्या बोलण्यानेही ते विस्कटेल असे वाटे. त्या दिवसांत हाताला सगळाच कापूस गार लागतो. म्हणून गाडीच्या पोटातून मूठभर कापूस उपसायचा आणि त्यातली सरकी दाताखाली फोडायची. कोरडी सरकी कट्‌कन वाजते. ओली मुकाट चेपते.

यंत्रांच्या अखंड घरघरीने भानुदासरावांचे कान हळूहळू निकामी झाले होते. हे आवारात फक्त मला ठाऊक होते. तेही सरकी चावत, मीही चावायचो. गाडी ओली निघाली की मी दस्ती काढून कपाळ पुसायचो, आणि माझ्याकडे एक ओझरती नजर टाकून ते निकाल देत. "माझे दात, तुमचे कान," ते हसत म्हणायचे, "शेठला कळलं तर दोघांत मिळून एकच पगार देईल बगा!"

मंदी आमच्याकडे गाजावाजा करत आली नाही. आधी रात्रपाळी बंद झाली. मग दुपारचा चहा. सूतगिरण्या गाठी उचलेनात, तशा आवारात गाठींच्या भिंती चढत गेल्या आणि त्यांच्या सावल्या भरदुपारी आमच्या खोलीवर पडू लागल्या. अर्धी यंत्रे मुकी झाली, आणि त्या शांततेत माणसे उगाचच दबक्या आवाजात बोलू लागली. एकदा हमालांमधले कुणीतरी म्हणाले, "पारखायला दोघं कशाला पायजेत, असं शेठ म्हनायलेत." त्यानंतर घरी लेकीच्या कॉलेजचा विषय निघाला की मी पाणी प्यायला म्हणून ताटावरून उठू लागलो.

त्या सकाळी शेठ स्वतः काट्यापाशी उभे होते. पाथरीकडची गाडी होती. माझ्या दाताखाली सरकी आवाज न करता चेपली. भानुदासरावांनी माझ्याकडे पाहिले. माझा हात खिशापर्यंत गेला, बोटांना दस्तीचे सूत लागले, आणि मी मान वळवून गाठींच्या भिंतीकडे पाहत राहिलो.

"कोरडा हाय! घ्या आत!" ते ओरडले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा तो निःशंक, मोठा आवाज.

ओला कापूस लगेच काही सांगत नाही. ढिगात दडपलेली ओल आतल्या आत तापत राहते आणि वरून सारे शुभ्रच दिसते. काही दिवसांनी तो ढीग उकरला तेव्हा त्यातून वाफ निघाली, आणि करपट वासाचा पिवळा पडलेला कापूस बाहेर आला. आग लागायचीच काय ती राहिली होती. शेठनी मला बोलावून विचारले, "तुमी तर सोबतच होतात ना?"

"त्यांना हल्ली ऐकू येत नाही," मी म्हणालो. शब्द खरा होता, आणि इतके घाण मी आयुष्यात काही बोललो नाही.

भानुदासराव त्याच संध्याकाळी खिळ्यावरचा पंचा खांद्यावर टाकून निघाले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या कानालाबी एखाद्या टायमाला चुकतंच की. मनाला लावून घेऊ नका. तुमी तरी टिका."

मी टिकलो. भीती मात्र गेली नाही. आता ती वाटून घ्यायला सोबत कुणी नव्हते. शेठ ओल मोजायचे यंत्र आणायचे बोलत होते. ढिगाजवळून जाताना मी कोपरापर्यंत हात आत खुपसून पाहायचो, आणि कापूस थंड लागला तरी माझा विश्वास बसत नसे.

शेवटी एका रविवारी पॅसेंजरने चुडाव्याला, त्यांच्या गावी गेलो. वाटभर, खिडकीबाहेरच्या ज्वारीकडे बघत, मी वाक्ये ओठांतल्या ओठांत घोळवत होतो. भानुदासराव अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "भावजी आलेत बगा!" वहिनी त्यांच्या कानाशी ओरडल्या. त्यांचा चेहरा उजळला. मी जवळ बसलो आणि खालच्या आवाजात सगळे सांगून टाकले.

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हनायलाव? जोरानं बोला. आता काईच ऐकू येईना गेलंय."

वहिनींचे हात सुपात थांबले होते. त्यांनी ऐकले होते. शेजारच्या ओट्यावरची माणसे आमच्याकडे पाहू लागली. कुजबुजीत उरकावे म्हणून जे आणले होते, ते आता गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे होते.

"सरकी ओली होती, भानुदासराव! मला कळलं होतं! माझी नोकरी जाईल म्हणून मी दस्ती काढली नाही! माझं चुकलं! मला माफ करा!"

कानामागचा हात तसाच होता. ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांच्यापर्यंत किती पोचले ते मला कळेना. म्हणून मी ऊर भरून श्वास घेतला आणि सारे पुन्हा, आणखी मोठ्याने, पहिल्यापासून सांगितले.