पक्का झाला का नेला

फळ्यावर अपूर्णांकाचं उदाहरण मांडलं, मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं आणि हात झटकून मुलांकडं वळलो, तोच मागच्या तरटावरून आवाज आला, "मास्तर, मले नाई समजलं."

हा विद्यार्थी पन्नाशीचा होता, त्याच्या डोक्याला फेटा होता आणि तो माझा हेडमास्तर होता. चौथीची पोरं तोंडावर हात दाबून हसायला लागली. मास्तरकीचं नॉर्मल स्कूल पास होऊन मी नुकताच रुजू झालो होतो, अंगावर नवा कोट होता, आणि धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं.

हे पुंजाजी मास्तर. किन्हीराजाच्या पुढं चालत तासाभराच्या वाटेवर त्यांचं गाव. तिथल्या बोर्डाच्या शाळेत त्यांनी जन्म काढला. घरचा मळा होता. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि सकाळी पाटाचं पाणी बदलून ओल्या पायांनीच शाळेत यायचे. शाळा दोन मास्तरांची. एक ते, आणि दुसरा दरसाल नवा. महायुद्धाच्या आधी एका साली तो नवा मी होतो.

पहिलं साल उमेदवारीचं. साल भरत आलं की डिप्टी साहेब शाळा तपासायला यायचे, हेडमास्तरांना विचारायचे आणि त्यावर नवा मास्तर कायम व्हायचा किंवा लटकत राहायचा. माझे वडील लहानपणीच गेले. आई कारंज्याला मामाच्या घरी चुलीपाशी राबत होती आणि मामीची बोलणी खात होती. उमेदवाराचा काय भरवसा, आज इथं तर उद्या घरी. कायम झालो की बिऱ्हाड करायचं आणि आईला घेऊन यायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. हे मी गावात कुणापाशी बोललो नव्हतो. घरचं उणं चारचौघांत काढायची आमच्यात रीत नव्हती.

आणि हे गृहस्थ माझ्या वर्गात मांडी घालून, तंबाखू मळत, दिवसाआड म्हणणार, "मले नाई समजलं." मी पुन्हा सांगायचो. ते मान हलवायचे. मी दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचो. घाम फुटायचा. शेवटी कधीतरी म्हणायचे, "हां, आता कसं! असं सांगा ना बावा." मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एकदा सरळ विचारलं की पोरांसमोर माझी शोभा कशाला करता. ते म्हणाले, "पोरगं कधी म्हनते काय, मले नाई समजलं म्हनून? मार खाईन, पन म्हननार नाई. मंग कोनी तरी म्हनाव लागते." खरंच, पोळ्याच्या सुमाराला एक पोरगी भीतभीत उठली आणि म्हणाली की तिलाही समजलं नाही. त्या दिवसापासून मास्तर माझ्या वर्गात यायचे बंद झाले. पण हे मला आधीच सांगता येत नव्हतं का? नाही. त्यांचा खाक्याच तसा.

दसऱ्यानंतर कापूस फुटला आणि वर्ग ओस पडला. घरची सगळी माणसं वेचणीला, पोरंही त्यांच्यासोबत. पटावरची निम्मी नावं गैरहजर. डिप्टी काय म्हणतील या धास्तीनं मी घरोघर जाऊन बापांना नियम सुनावायला निघालो. पुंजाजी मास्तरांनी मला वाटेतच गाठलं आणि शाळेला सुट्टी देऊन एका वावरात नेलं. वेचणीला हात लावण्याआधी बाया शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला आमच्याकडं सीतादही म्हणतात. शाळा बंद ठेवून मास्तरांनी दहीभात खात बसायचं! माझा नुसता तिळपापड झाला. ते मात्र पळसाच्या पानावर भात घेऊन शांतपणे म्हणाले, "तुमी त्यायच्या वावरात जा, मंग ते तुमच्या शाळेत येतीन. नियम बोर्डाचा हाये, पोरगं त्यायचं हाये."

त्या मोसमात मी किती वावरं पालथी घातली असतील! संध्याकाळी कापूस मोजायची वेळ झाली की आम्ही तिथं हजर. कुणी किती वेचला, त्याची मजुरी किती झाली, हे चौथीची पोरं आपल्या आयांना बांधावरच हिशेब करून सांगू लागली. बाया चकित. हळूहळू त्याच आया पोरांना अर्धा दिवस शाळेला सोडू लागल्या. नॉर्मल स्कूलमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं, हे मी कबूल करतो, जरा चडफडतच.

होळीच्या सुमाराला डिप्टी साहेब आले. माझ्या वर्गानं त्या दिवशी कमाल केली. साहेबांनी उदाहरण घातलं की पाट्या वर. एका पोरानं तर साहेबांनाच सांगितलं की तुम्ही फार लवकर सांगितलं, पुन्हा सांगा. साहेब हसले. मी आनंदानं फुललो. जाताना त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, नवा मास्तर कसा आहे?

पुंजाजी मास्तर जमिनीकडं पाहत म्हणाले, "चांगला हाये साहेब. पन कच्चा हाये. आनखी एक साल पाह्यजे."

साहेबांचा घोडा वेशीबाहेर पडला तसा मी तडक मळ्यात गेलो. मास्तर वांग्याला पाणी देत होते. मी आवाज चढवला, वडिलांच्या वयाच्या माणसावर चढवला. माझं काय चुकलं ते सांगा, म्हणालो. त्यांनी कुदळ खाली ठेवली.

"काईच नाई चुकलं," ते म्हणाले. "खोटं बोललो म्या. तुमी पक्के झाले, हे मले दिवाईतच दिसलं. पन पक्का झाला का बोर्ड उचलून शहरात नेते. दरसाल हेच. तुमी शिकता आमच्या पोरायवर अन् शिकवता तिकडच्या पोरायले. आमच्या पोरायनं कायले दरसाल कच्चाच मास्तर घ्याव? एक साल तरी पक्का राहू द्या, म्हटलं."

मला राग आवरेना. मी एवढंच म्हणालो, "आणि माझ्या आईनं आणखी एक साल मामीच्या दारात काढायचं का?" मग सगळं सांगितलं. सांगताना रडलो.

पाटाचं पाणी भलत्याच वाफ्यात शिरलं तरी मास्तरांचं लक्ष नव्हतं. "हे मले काहून नाई सांगतलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला फेटा बांधून माझ्या दारात उभे. साहेबांचा मुक्काम मालेगावला होता. तिथवर आम्ही चालत गेलो. साहेबांसमोर उभे राहून ते म्हणाले, "साहेब, काल खोटं बोललो म्या. पोरगा पक्का हाये. न्या."

साहेबांनी त्यांना नको नको ते बोलून घेतलं, कारकुनांच्या देखत. ते ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं की मला कायम करा, पण त्याच गावात ठेवा, आईला मी तिथंच आणीन. साहेब म्हणाले, बोर्डाचा कारभार मास्तरांच्या मर्जीवर चालत नसतो. उन्हाळ्यात हुकूम आला. मी कायम झालो होतो आणि माझी बदली वाशिमला झाली होती.

निघताना पुंजाजी मास्तरांनी आईसाठी वांगी-मिरच्यांचं गाठोडं बैलांच्या खाचरात ठेवलं. मी म्हणालो, पत्र लिहीन.

"नोका लिवू," ते म्हणाले. "पह्यल्या साली सारेच लिवतात. मंग बंद होते. बंद झालं का लय तरास होते मले."

आई माझ्याकडं आली. सुखानं राहिली. माझ्यामागून दरसाल पुंजाजी मास्तरांच्या हाताखालचा एकेक जण शहरात येत गेला. वर्गात त्याला पाहिलं की लगेच ओळखू यायचं. पोरं बिनधास्त उठून 'समजलं नाही' म्हणायची आणि हा बाबा न चिडता पुन्हा सांगायचा. त्यातल्याच एकानं एके दिवशी सांगितलं की मास्तर गेले, मळ्यातच, पाणी देता देता. मी त्याच आठवड्यात अर्ज केला की मला त्या गावी पाठवा. त्यानंही केला. आमच्यासारखे आणखी दोघे होते, त्यांनीही केला. चौघांना मिळून एकच उत्तर आलं: सदर गावासाठी लायक मास्तर उपलब्ध नसल्यामुळे तेथील शाळा बंद करण्यात आली आहे.