शकुनबाईंचं मत अहवालात का नाही?

मैत्रिणींनो, आज साकोलीत आमच्या वाचक मंडळात प्रत्येकीने वाचलेल्या पुस्तकावर मत सांगितलं. प्रवासवर्णन, चरित्र, पाककृती, सगळ्यांना टाळ्या मिळाल्या.

मग धानाच्या रोवणीला जाणाऱ्या शकुनबाई एका कादंबरीबद्दल म्हणाल्या, "यातली बाई दिवसभर रोवणी करते अन् संध्याकाळी नाचते. लिहिणाऱ्याले म्हणा, एक दिवस चिखलात वाकून पाहा!"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "हा काही अभिप्राय नव्हे." बैठकीचा अहवाल त्यांनीच लिहून वाचून दाखवला, त्यात शकुनबाईंचं नावही घेतलं नाही.

"मंग कायले येऊ मी इथं?" म्हणत त्या निघून गेल्या.

अध्यक्षबाईंनी ती कादंबरी उघडलीही नव्हती! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर पुस्तक न वाचता बोलणारीला बाकावर उभं करायच्या.

सचिव म्हणून मी त्या अहवालावर सही केली नाही. तुम्ही केली असती?