बंदूक नंबर चारशे सतरा

रत्नागिरीच्या कचेरीत हत्यारांच्या परवान्यांचं टेबल माझ्याकडे होतं, तेव्हाची ही गोष्ट. साल एकोणीसशे तीसच्या आगेमागे. मी उभ्या जन्मात एकदाही बंदूक उडवलेली नाही. दिवाळीत शेजाऱ्याने लवंगी माळ लावली तरी मी माजघरात जाऊन बसे. तरीही जिल्ह्यात बंदुकांचा जाणकार म्हणून माझं नाव होतं, आणि त्याचं कारण एवढंच, की आधीचा एक साहेब बदली होऊन जाताना फौजी बंदुकांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक कपाटात विसरून गेला होता. कुठला ठसा कुठल्या कारखान्याचा, मुकुट कुठे उमटवतात, आकडा कुठे, हे सगळं त्यात चित्रांसकट होतं. दुपारी झोप येऊ नये म्हणून मी ते वाचून काढलं. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी कचेरीत शहाणा ठरलो.

नवे साहेब आले, त्यांना जुन्या हत्यारांचा भारी शौक. अमक्याकडे पणजोबांची तलवार आहे, तमक्याकडे ठासणीची बंदूक आहे, असं कानावर आलं की ते ती वस्तू 'पाहायला' मागवत. पाहायला गेलेली वस्तू सहसा परत येत नसे. परत येई ते आभाराचं पत्र. लोक त्या पत्राला चौकट करून ओटीवर टांगत, आणि पाहुण्यांना तलवारीऐवजी पत्र दाखवत. तक्रार कोणी केल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी जुन्या बंदुका तपासून त्यांची नोंद नव्याने करावी, असा हुकूम निघाला. चालतील त्या परवान्यावर ठेवायच्या, निरुपयोगी असतील त्या तशा लिहून घरी न्यायला परवानगी द्यायची. कचेरीच्या पडवीत रोज दहा-पाच माणसं बंदुका मांडीवर घेऊन बसलेली असत.

त्यांत एके दिवशी मंडणगडकडचा एक पेन्शनर सुभेदार आला. बाणकोटहून आगबोटीने आला होता. सत्तरी उलटलेली, पण पाठ अशी ताठ, की मीच खुर्चीत सावरून बसलो. बंदूक त्याने कोऱ्या धोतरात गुंडाळून आणली होती.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "परवाना आज हाय, उद्या नाय. मला कागदावर येवढंच लिवून पायजे, का ही बंदूक सरकारानं माज्या बापसाला दिली. पेन्शनीत निघाला तवा पलटणीच्या मोठ्या सायबानं सोताच्या हातानं दिली. भावकी म्हणते, त्यानं ती मुंबयच्या जुन्या बाजारात इकत घेतली नि जलमभर थापा मारल्या."

"पुरावा काय?" मी विचारलं.

"नंबर चारशे सतरा," तो म्हणाला. "बापसानं मला बाराखडीच्या आदी ह्यो आकडा शिकवला."

त्याने बंदुकीवरची धोतराची गुंडाळी सोडली आणि मी बघतच राहिलो. देवळातली समई घासून ठेवावी तशी ती बंदूक लखलखत होती. दर खंडेनवमीला चिंच, राख आणि नारळाचं सोडण घेऊन घरातली माणसं ती घासत, मग गंधफूल वाहत. साठ-पासष्ट वर्षांत एकदाही खाडा पडला नव्हता. शिवाय यंदा साहेब बघणार म्हणून दोन दिवस जास्तीची घासणी झाली होती, आणि लाकडी दस्त्याला काजूच्या टरफलांचं तेल पाजलं होतं, होड्यांना पाजतात ते. हे सगळं त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवरून बोट फिरवलं. जिथे मुकुट हवा, साल हवं, तिथे लोखंड तळहातासारखं गुळगुळीत होतं. आकडा तर कुठेच नव्हता. आपल्याकडे ज्यावर भक्ती असते ते आपण घासतो. साहेबलोक ज्यावर भक्ती असते त्याचा गंजसुद्धा जपतात. दोन्ही धर्म आपापल्या जागी थोर असतील, पण नोंद होते ती साहेबांच्या धर्माप्रमाणे.

साहेबांनी बंदूक उजेडात नेली, भिंग लावून बघितली, दस्त्यावर नख ओढलं.

"फणस," ते म्हणाले. झाडांची मराठी नावं त्यांना येत. पुढचं ते इंग्रजीत बोलले: फौजेच्या बंदुकीला फणसाचा दस्ता नसतो, ठसे नाहीत, आकडा नाही, ही बाजारात जुळवलेली नक्कल आहे. किंमत लोखंडाच्या भावाने आठ आणे. 'निरुपयोगी, घरी ठेवण्यास हरकत नाही,' असं लिहून द्या म्हणाले आणि जेवायला बंगल्यावर गेले.

मी ते मराठीत जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. पण पलटणीत आयुष्य काढलेल्या माणसाला तेवढं इंग्रजी कळतं.

"दस्ता वाळवीनं खाल्ला आसंल, बापसानं बदलला आसंल," तो म्हणाला. "मी तवा पलटणीत व्हतो." मग हळूच म्हणाला, "चारशे सतरा, भाऊसाहेब." आणि तोंड धुवायला विहिरीकडे गेला.

आता माझ्या रजिस्टरात नंबराचा एक रकाना होता आणि रिकामा रकाना मला खुपतो. नळीच्या खालच्या अंगालाही कधीकधी ठसे असतात, असं पुस्तकात होतं. पोलिसांची हत्यारं दुरुस्त करणारा मिस्त्री पडवीतच बसला होता. त्याने स्क्रू काढले, कड्या सरकवल्या आणि नळी दस्त्यातून उचलून उलटी केली. तिथे, लाकडाच्या आड, जुन्या चरबीच्या काळ्या थराखाली, जिथे कुठल्याही खंडेनवमीची चिंच पोचली नव्हती, तिथे मुकुट होता, पलटणीचा ठसा होता, आणि चारशे सतरा हा आकडा होता.

मला इतका आनंद झाला, की मी तिथेच ओरडणार होतो. पण मी कारकून. आनंद झाला की आधी त्याचे परिणाम बघायचे, ही सवय. बंदूक अस्सल ठरली, की संध्याकाळपर्यंत ती साहेबांच्या भिंतीवर जाणार आणि सुभेदाराच्या हाती आभाराचं पत्र पडणार. निरुपयोगी राहिली तर सुखरूप घरी जाईल. सुभेदाराच्या कानात सांगता आलं असतं, पण तो ताठ माणूस तसाच साहेबांपुढे जाऊन उभा राहिला असता. मी मिस्त्रीला नळी परत बसवायला सांगितलं आणि नंबराच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

सुभेदार आला. मी कागद दिला. त्याने तो लांब धरून वाचला.

"आकडा नाय घातलात."

"दिसत नाही ना," मी म्हणालो. "घेऊन जा घरी. आता तुम्हाला कोणी विचारणार नाही."

त्याने धोतर काखेत मारलं आणि बंदूक तशीच उघडी, काठी न्यावी तशी नेली. हे मला दिसलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही. त्या संध्याकाळी मी स्वतःवर फार खूश होतो. साहेबाला फसवून गरिबाची वस्तू वाचवली, असं मी घरी बायकोलाही सांगितलं.

चारेक महिन्यांनी मंडणगडहून तिमाही यादी आली. सुभेदाराच्या नावापुढे लिहिलं होतं: धारकाने आपखुशीने जमा केली, निरुपयोगी म्हणून तोडून मोडीत काढली. ती ओळ मलाच रजिस्टरात उतरवून घ्यावी लागली. पुढे तपासणीच्या फिरतीवर मंडणगडला जाणं झालं, तेव्हा मी मुद्दाम त्याच्या गावी चालत गेलो.

तो अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता. मला ओळखून उठला, बसायला घोंगडी टाकली. मी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: नळीच्या खाली आकडा होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, तुमचे वडील खरं बोलत होते.

तो पुन्हा सुपाऱ्या सोलायला बसला.

"मग जमा का केलीत?" मीच विचारलं.

"खोटी वस्तू पूजेला कशी लावायची?" तो म्हणाला. मग म्हणाला, "आता लिवून द्या."

मोडीत निघालेल्या बंदुकीची नोंद दुरुस्त होत नाही, हे मला त्याला सांगावं लागलं.

"तवाच का नाय बोललात?"

"साहेबांनी ठेवून घेतली असती, सुभेदार."

"घेतली आसती तर घेतली आसती," तो म्हणाला. "माजा बापूस तर खोटा पडला नसता."