पायांनी पोचवायची ओटी

पाठीवर मोठी सॅक घेऊन एकटी बाई चालताना दिसली की आपल्याकडे लोकांना दोनच कारणं सुचतात. एकतर ती घरात भांडून निघालीय, नाहीतर देवाला चाललीय. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला तिसरंही कारण असू शकतं, हे पटवून द्यायला गेले आणि पहिल्याच गावात तोंडघशी पडले.

परदेशातली माणसं पाठीवर संसार घेऊन महिनोन्‌महिने चालतात, याचे व्हिडिओ मी वर्षभर बघत होते. मुलं बाहेरगावी, ऑफिसात रजा साठलेली. नवऱ्यानं माझ्या सॅकचं नाव ‘सिलिंडर’ ठेवलं, पण अडवलं नाही. पौषातल्या थंडीत रेल्वेनं जेऊरला उतरायचं आणि शेतवाटांनी, गावं जोडत, सोलापूरला आपल्या घरी चालत यायचं, असा बेत होता. त्यात ना नवस, ना पुण्य. नुसती हौस.

पहिल्या गावात पारावरच्या आजोबांनी विचारलं, “कुटल्या देवाला?”

“देवाला नाही, अशीच चाललेय.”

“अशीच?” त्यांनी मला आणि सिलिंडरला नीट न्याहाळलं. “घरी ठावं हाय न्हवं?”

मग दोघी बायका येऊन माझी समजूत काढायला लागल्या. नवऱ्याला फोन लावून दिला तेव्हा कुठं सुटका झाली. ‘माझ्या परवानगीनंच निघालीय ती,’ असं त्यानं तिकडून सांगितलं. त्या ‘परवानगी’वरून मी त्याला अजून टोचून बोलते.

पुढच्या गावात तोच प्रश्न आला आणि मी म्हटलं, “तुळजापूरला.”

झालं. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही, नुसतं दिलं. शेतात हुरडा भाजणाऱ्यांनी हाक मारून बसवलं. कुणी भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घालून दिली, कुणी आपल्या सुनेचं अंथरूण मला दिलं. विसरलेली टोपी परत करायला एकजण मोटारसायकलवरून मागं आला. प्रत्येक घास घेताना मनात चुकचुकायचं, कारण हे सगळं माझ्यासाठी नव्हतं, देवीसाठी होतं. पण दिवसभर चाललेल्या माणसाची भूक लाजेपेक्षा मोठी असते. मी जेवत राहिले.

सोलापूर जवळ आलं तेव्हा एक मुक्काम मेंढरं पाळणाऱ्यांच्या वस्तीवर पडला. घरात सासू, मुलगा आणि सून. सासूबाई साठीच्या, बोलक्या. सून सावकाश उठायची, सावकाश बसायची, आणि सासू तिला पाण्याची घागरसुद्धा उचलू देत नव्हती.

सकाळी मी निघाले तेव्हा सासूबाईंनी सुनेला आतून कापडी पिशवी आणायला लावली. हिरवा खण, नारळ, तांदूळ.

“ताई, सुनंचं दोन डाव पोट पडलं,” त्या म्हणाल्या. “आता पाचवा लागलाय. मी आईला बोलली हुती, चालत यीन, वटी भरीन. आन ह्ये गुडघं बगा माजं. अंगणात जायाचं तर भिंत धरावी लागती. तुमी चाललायच की. माजी वटी तुमच्या पायानं जाऊ द्या. येष्टीत मातुर बसू नका, काय बी हुवू दे.”

खरं सांगायची वेळ तीच होती. पण पोटात त्यांचीच भाकरी, अंगाला त्यांच्याच चुलीच्या धुराचा वास. सून दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. “पोचवते, मावशी,” मी म्हटलं. सुनेनं माझा नंबर आपल्या मोबाइलात घेतला.

घरी पोचले आणि पिशवी देवघरासमोर ठेवली. टाचेला फोड आला होता, तो बरा झाला की निघू, असं ठरवलं. फोड बरा झाला. मग ऑफिसात मार्चची कामं निघाली, मग ऊन चढलं. जेऊरपासून चालत आलेल्या बाईला तुळजापूर काही अवघड नव्हतं. माझी हौस फिटली होती, एवढंच. चालण्याचा कंटाळा आला होता.

सुनेला आठवा सरत आला तेव्हा मी घाबरले, आणि एका रविवारी नवऱ्याबरोबर एसटीनं गेले. खिडकीची जागाही मिळाली. ओटी भरली, हात जोडले, दुपारच्या जेवणाला घरी परत. देवीला भाव हवा असतो, पाय नाही, असं मी वाटेत नवऱ्याला ऐकवलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मला कशाला सांगतेस?”

मावशींचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, “पोचली ओटी.” चालत गेलात का, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नसणार.

मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बाळाला डॉक्टरांना दाखवायला ती मंडळी सोलापुरात आली आणि पत्ता विचारत आमच्या घरी पोचली. मावशी मुलाचा हात धरून कशाबशा जिना चढल्या. पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, “एक परात द्या. आन तांब्याभर पानी.”

मला वाटलं बाळासाठी. त्यांनी परात माझ्या खुर्चीसमोर ठेवली आणि ते गुडघे वाकवत, तोंडानं ‘आई गं, आई गं’ करत, जमिनीवर बसल्या. माझे पाय हातात घेऊन परातीत ठेवले.

नवरा चहा टाकायचं निमित्त करून आत गेला.

“मावशी, नको, ऐका, मला सांगायचंय—”

“काय बोलू नका. देवीला चालून आल्याला पाय हाय ह्यो.” त्या टाचांवरून अंगठा फिरवत होत्या. माझ्या टाचा लग्नाआधीपासून फुटलेल्या आहेत. “किती फुटल्यात गं,” त्या सुनेला म्हणाल्या, “आपल्यापायी.”

सून समोर बसली होती. मांडीवरच्या बाळाच्या नाकाशी दर थोड्या वेळानं बोट नेऊन श्वास बघत होती. मी खरं सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं. आणि त्या पोरीला प्रत्येक तापात, प्रत्येक खोकल्यात आठवलं असतं की नवस पुरा फिटलाच नाही. माझं ओझं त्यांच्या पदरात टाकायचा मला अधिकार नव्हता. की हेही मी स्वतःला समजावतेय, मला अजून ठरवता येत नाही.

मावशींनी माझ्या पायांना हळदकुंकू लावलं. परातीतल्या पाण्यात बोट बुडवून स्वतःच्या डोळ्यांना लावलं, मग सुनेच्या. तिसऱ्यांदा बोट बुडवलं आणि ते पाणी त्यांनी झोपलेल्या बाळाच्या कपाळाला लावलं, आणि मी ते लावू दिलं.