एअर फिल्टरमधलं सोनं
सेन्सर साफ करायच्या स्प्रेचा उग्र वास आला, की मला दसऱ्यानंतरचे ते दिवस आठवतात. बाबांची पहिली गाडी क्रांती चौकात सिग्नलला थांबली की थरथरायची, आरपीएमचा काटा खाली-वर नाचायचा आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. चितेगावच्या कंपनीत मशिनींवर जन्म काढलेल्या बाबांना तो स्वतःचाच अपमान वाटला. "इकूनच टाकतो हिला," ते म्हणाले. गॅरेजात मिस्त्रीनं स्कॅनर लावला, कोड हवेच्या सेन्सरचा आला. मग त्यानं एअर फिल्टरचा डबा बघितला, तर झाकण एका बाजूनं उघडं, आत आपट्याची सुकलेली पानं, आणि त्यांचा चुरा थेट सेन्सरपर्यंत गेलेला. "चाचा, ये किसने डाला?" बाबांनी शेजारी उभ्या आईकडं बघितलं. "मीच," आई म्हणाली. "समद्यांला सोनं दिलं, मग इंजिनालाच नाय द्यायचं व्हय? क्लिपा तुमच्या डब्यासारख्याच हायेत की." "जल्मभर माझा डबा भरला, अन् एक झाकण नीट लावता येईना तुला?" बाबा ओरडले खरे, पण मिस्त्रीनं स्प्रे मारून गाडी शांत केल्यावर विकायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आता आई नाही. आज त्याच गाडीच्या सर्व्हिसिंगला बाबांना सोबत नेलं होतं. फिल्टर निघाला, तर तळाशी आपट्याचं एकच, अजून हिरवट पान. मी बाबांकडं पाहिलं, ते रस्त्याकडं बघत राहिले. झाकण मात्र त्यांनी इतकं घट्ट लावलं होतं, की क्लिपा काढायला मिस्त्रीला पक्कड घ्यावी लागली होती.