मेणावर नसलेला अंगठा

अंगात येणं, नजर लागणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. नोकरीच चुका शोधण्याची. प्रत्येक चुकीला कारण असतं, हे मी ज्युनियर्सना रोज सांगते. 

रायपूरला भनपुरीत आमची फाउंड्री आहे. वाफेच्या लाइनचे व्हॉल्व्ह बनतात. आधी मेणाचा हुबेहूब पीस, त्यावर सिरॅमिकचे थर. मग मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळ साच्यात स्टील ओतायचं. मेणावर केस चिकटला तरी स्टीलवर उमटतो. म्हणून प्रत्येक मेणाचा पीस मी दिव्याखाली तपासते. ज्या लॉटची ही गोष्ट, त्याचेही तपासले होते. स्वच्छ होते.

आणि तरी साचा फोडल्यावर एका व्हॉल्व्हवर अंगठ्याचा ठसा! स्पष्ट रेषा, मधून तिरपा व्रण.

तो व्रण मी ओळखला. मेण विभागातल्या वैशालीचा अंगठा ब्लेडने तसाच कापला होता. पण ती बाळंतपणासाठी केव्हाच गोंदियाला माहेरी गेलेली... आणि हे मेण मागच्या आठवड्यातलं.

प्रॉडक्शन मॅनेजर वैतागले. "मॅडम, किसी का हाथ लग गया होगा. घिसवा दो, गाड़ी खड़ी है."

घासला की पीस पास. पण मेणावर नसलेली खूण स्टीलवर आली कशी, हे बघितल्याशिवाय मी तो सोडणार नव्हते. "एक्स-रे झाल्याशिवाय सही करणार नाही," मी म्हटलं. भांडण झालं. शेवटी एक्स-रे काढला — अंगठ्याच्या बरोबर खाली, आत पोकळी. वाफेच्या प्रेशरने तो व्हॉल्व्ह फुटला असता, आणि जवळ कोणीतरी उभं असतं.

जेवणाच्या सुट्टीत वैशालीला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली,

"ताई, तो पीस बाजूले काढला ना?"

"कोणता गं?" मी विचारलं.

"काय मालूम... डॉक्टरनं झोपून राहायले सांगितलं ना मले. दुपारी डोळा लागला का सपनात मेणच दाबून राहिली मी. एक पीस आतून पोकळ लागे. कोणी ऐकूनच नाही राहिलं, तर जोरानं अंगठा दाबला."

"काढला," एवढंच बोलले.

"हव? मग झोपते आता."

तो पीस पुन्हा भट्टीत गेला. पोकळी कशाने झाली, ते आमच्या मेटलर्जिस्टनी समजावून सांगितलं. अंगठ्याचं विचारलं की ते विषय बदलतात. मीही आता विचारत नाही. फक्त हल्ली, ज्या पीसवर काहीच खूण नसते, त्यावर सही करायला मला जास्त वेळ लागतो.