लाल टाका

त्या शिवणकामाच्या दुकानात आवाज चढवायची पद्धत नव्हतीच. मास्तरांना एखादं काम पसंत पडलं नाही, तर त्या ते सरळ उसवायच्या. बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी, पाठ वेगळी. मग सगळे तुकडे नीट घडी घालून शिवणाऱ्याच्या मशीनवर ठेवायचे आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसायचं. रागावणं नाही की टोमणा नाही. ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

मास्तर म्हणजे बाईच. पण कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि त्या गल्लीत त्यांच्यासारखा कोट बेतणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. त्यांची सून लग्न होऊन आली तेव्हा तिला धड काजसुद्धा करता येत नव्हतं. सुरुवातीला तिनं शिवलेलं जेवढं गिऱ्हाइकाच्या अंगावर गेलं, त्याहून जास्त तुकडे होऊन तिच्याकडेच परत आलं. नवरा बस चालवायचा. संध्याकाळी घरी आला की विचारायचा, "आज काय काय उसवलं?"

"आज फक्त कॉलर," ती म्हणायची. "प्रगती आहे म्हणायची."

पुढे तिचा हात बसला. मशीनवर तुकडे दिसेनासे झाले. मास्तरांनी तोंडानं कधी "छान" म्हटलं नाही. त्या उसवत नाहीत हीच शाबासकी मानून सुनेनं बरीच वर्षं काढली.

म्हणूनच ते पुन्हा सुरू झालं तेव्हा तिला दुसरं काही सुचलंच नाही. एका सकाळी बँकेतल्या साहेबांचा तयार कोट तुकडे होऊन मशीनवर पडलेला. तिनं खांदे उलटसुलट करून पाहिले, टीप तपासली. चूक काही सापडेना. पण आईंना दिसली म्हणजे असणारच, असं म्हणून तिनं कोट नव्यानं शिवला. मग एका फ्रॉकची तीच गत झाली, त्यानंतर पडद्यांची. ती मुकाट्यानं शिवत राहिली, टाके आणखी बारीक घालत. गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगून सांगून तिची जीभ झिजली.

"वय झालं की माणूस आणखीच कडक होतं बघ," ती नवऱ्याला म्हणाली.

मग एका दुपारी ती दोऱ्याची रिळं घेऊन परत आली आणि दारातच थबकली. दुकानात काचेच्या कपाटात एक करडा कोट टांगलेला असायचा. मास्तरांनी तरुणपणी स्वतः शिवलेला, नमुन्याचा. नव्या माणसानं आधी तो पाहायचा, मग सुईला हात लावायचा. आज कपाट उघडं होतं, आणि तो कोट तुकडे होऊन, नीट घडी घालून, तिच्या मशीनवर होता.

"आई, अहो, हा तर तुमचा..."

"कुणी शिवलाय कोण जाणे," मास्तर म्हणाल्या. "पुन्हा शिवायला सांग."

सुनेनं रिळं तशीच खाली ठेवली. इतके दिवस जे तिला आपली परीक्षा वाटत होतं, ते आईंचं आजारपण होतं. आणि आपण मात्र टाके बारीक करत बसलो.

डॉक्टरांनी सांगितलं, विसरणं वाढत जाईल. थांबवता येणार नाही, सांभाळता येईल. दूरच्या शहरात राहणाऱ्या नणंदेनं फोनवर वेगळं सांगितलं. "वहिनी, आधी आईला दुकानातून वर ने. कात्र्या काय, सुया काय, तापलेली इस्त्री काय. काही झालं म्हणजे?"

बोलणं खोटं नव्हतं. मास्तर वरच्या खोलीत गेल्या. तिथे त्यांनी उशीचा अभ्रा उसवला, मग स्वतःच्या गाऊनची किनार. कात्री काढून घेतली तर नखांनी उसवू लागल्या. भरल्या ताटावरून उठून जिन्यापाशी यायच्या आणि खाली वाकून विचारायच्या, "दुकान उघडलं का?" जेवण निम्म्यावर आलं. हे ऐकल्यावर नणंदेनं ठरवूनच टाकलं. "शनिवारी येते मी. आमच्या जवळच्या वृद्धाश्रमात जागा आहे. तिची बॅग भरून ठेव."

सुनेनं बॅग भरली. भरता भरता तिचं लक्ष आईंच्या बोटांकडे होतं. ती बोटं चादरीची शिवण चाचपत होती. या हातांना काम हवंय, ती मनाशी म्हणाली. आणि उसवणं हेही दुकानातलं कामच की! अस्तर बदलायला आलेले कोट आधी उसवावेच लागतात. अडचण एकच होती. मास्तरांना थांबायचं कळत नव्हतं. अस्तरानंतर खिसा, खिशानंतर कॉलर. खडूची खूण केली तर ती पुसली जायची. सांगितलं तर "बरं" म्हणून विसरायच्या.

मग तिला लाल टाका आठवला. जिथून पुढे कात्री जायची नाही, तिथे मास्तर लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवायच्या, आणि तो मास्तरांखेरीज कुणी काढायचा नाही. त्या दुकानात सून पहिल्यांदा शिकली ते हेच. तिनं जुन्या चिंध्यांवर करून पाहिलं. एकदा मास्तर थांबल्या, एकदा नाही थांबल्या.

शनिवारी नणंद आली तेव्हा आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली, मांडीवर जाड ओव्हरकोट, हातात छोटी कात्री.

"वहिनी, मी काय सांगितलं होतं तुला?"

"बस तर खरी. चहा घे."

"कुणाचा आहे तो कोट?"

"वकीलसाहेबांचा. सोमवारी न्यायला येणारेत."

"आणि तिनं वाट लावली म्हणजे?"

"मग मी शिवीन," सून म्हणाली. "मला या घरात दुसरी सवय कसली आहे?"

नणंदेला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. दोघी बघत राहिल्या. मास्तरांची कात्री टाक्याटाक्यानं सरकत होती. कापडाला कुठे ओरखडा नाही, की दोऱ्याला हिसका नाही. कात्री लाल टाक्याशी पोचली. टोक त्याच्याखाली शिरलं. सुनेनं मशीनची कड घट्ट धरली.

मास्तरांनी कात्री बाहेर काढली. टाक्यावरून बोट फिरवलं.

"हा कुणी घातला?"

"मी, आई."

मास्तरांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. ओळखीचं माणूस आहे, पण कुठलं ते लक्षात येत नाही, असं. मग पुन्हा टाक्याकडे पाहिलं.

"वाकडा आहे," त्या म्हणाल्या. आणि उठून, कोटाची घडी घालून, तो सुनेच्या मशीनवर ठेवला. "घ्या मास्तर. झालं एवढं."

आईंनी सुनेला ओळखलं नव्हतं, आणि दुकान मात्र बरोबर ओळखलं होतं. तिनं खाली मान घालून लाल टाका काढला आणि कोटाच्या दुसऱ्या बाजूला नवा घातला, या वेळी सरळ.

नणंदेचा चहा गार झाला होता. तो तिनं तसाच एका घोटात संपवला.

"बॅग कुठेय तिची?"

"वर. पलंगाशेजारी."

"रिकामी करून येते," नणंद म्हणाली आणि जिना चढू लागली.

खिडकीजवळून मास्तरांनी हात पुढे केला. "दुसरी बाजू द्या की."